जपानी व्याकरणाची वही, मराठीतून: जानेवारी ते जुलै २०२५

५ जानेवारी २०२५

प्रोजेक्ट काय आहे ते आधी लिहून ठेवते. जपानी स्वतःची स्वतः शिकतेय, क्लास नाही कारण ऑफिसची वेळ आणि क्लासची वेळ कधीच जुळत नाही. जेएलपीटीची, म्हणजे जपानीच्या परीक्षेची, पहिली पायरी एन५ डिसेंबरमध्ये दिली, आता ६ जुलैला त्याच्या पुढची एन४ द्यायचीय. शब्द होतात, अंकी या ॲपवर रोज कार्डं फिरवली की बसतात. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, तीपण लिहून लिहून होतात. सगळं अडतं ते व्याकरणात, आणि मला आता पक्कं वाटायला लागलंय की त्यातली बरीचशी अडचण जपानीची नाहीच, मधल्या इंग्रजीची आहे. म्हणजे बघा, 'नि' हा एवढासा प्रत्यय, त्याचा अर्थ म्हणून टू, इन, ॲट, ऑन, बाय, फॉर अशी लांबलचक यादी पाठ करायची, आणि मग वाक्य बोलताना आधी मनात इंग्रजी वाक्य करायचं, ते उलटं फिरवायचं, क्रियापद शेवटी न्यायचं. अरे पण माझ्या भाषेत क्रियापद शेवटीच आहे ना! प्रत्यय शब्दाच्या मागेच लागतो. प्रश्न विचारायला शेवटी 'का' लावतात, 'इकिमासु का' म्हणजे 'जाता का', हा निव्वळ योगायोग आहे पण किती सोयीचा. मग मी मधे इंग्रजीच्या घरी कशाला जातेय?

तर नवीन वही. प्रत्येक मुद्द्याला एक पान. डावीकडे जपानी वाक्य, उजवीकडे घरात बोलतो तसं मराठी वाक्य, पुस्तकी नाही. खाली लाल पेनने, मराठी कुठे पुरत नाही ते. इंग्रजी या वहीत येणार नाही.

१४ जानेवारी

पहिलं पान 'नि'. जवळजवळ पूर्ण 'ला' निघाला! 'तोमोदाचि नि आउ' म्हणजे मित्राला भेटणे. इंग्रजीतून शिकताना हे अपवाद म्हणून पाठ केलेलं, कारण तिकडे भेटणे या क्रियेला सरळ कर्म येतं आणि इथे कर्माचा प्रत्यय 'ओ' का नाही म्हणून डोकं खाजवायचं. मराठीत मित्राला भेटतो, बास, विषय संपला. तीन वाजता, म्हणजे 'सानजि नि', इथे 'ला' नाही पण 'तीनला ये' असं आपण म्हणतोच. 'काइमोनो नि इकु' खरेदीला जाणे.

आणि मग हे वाक्य. 'वाताशि नि वा कोदोमो गा फुतारि इमासु.' मला दोन मुलं आहेत. शब्दाला शब्द! मला म्हणजे 'वाताशि नि', मुलं म्हणजे 'कोदोमो गा', आणि शेवटी आहेत. इंग्रजीत माणूस मुलं बाळगतो, आपल्याकडे आणि तिकडे मुलं असतात, माणसाला असतात. 'वाताशि नि वा वाकारानाइ', मला तर नाही समजत. हे पान लिहिताना फार आनंद झाला.

त्याच्याच शेजारी 'सुकि'चं लिहिलं. 'वाताशि वा साकाना गा सुकि देसु', मला मासे आवडतात. 'मासे' ला 'ओ' का नाही 'गा' का, हा प्रश्न नवीन शिकणारा प्रत्येक जण विचारतो. मराठीत आवडतात हे क्रियापद माशांच्या मागे जातं ना, माझ्या मागे नाही. मासे आवडतात, मासा आवडतो, भाजी आवडते. म्हणजे वाक्याचा धनी मासाच. 'गा' तिथेच लागलाय जिथे आपलं क्रियापद बघतंय. 'निहोंगो गा देकिरु' मला जपानी येते, 'आतामा गा इताइ' डोकं दुखतंय, सगळी एकाच जातीची.

२६ जानेवारी

लाल पेन निघालं. आपला एकच 'त' तिकडे दोन ठिकाणी फुटतो. लायब्ररीत आहे, 'तोश्योकान नि इरु'. लायब्ररीत वाचतेय, 'तोश्योकान दे योंदे इरु'. नुसतं असणं असेल तर 'नि', तिथे काही करणं असेल तर 'दे'. मराठी इथे काही सुचवत नाही, हे कानाने बसवावं लागणार. राहणे म्हणजे 'सुमु' हे असण्यात धरतात, 'नि'. नोकरी करणे 'हाताराकु' हे करण्यात, 'दे'. बसने जाणे, चाकूने कापणे इथला 'ने' मात्र सरळ 'दे', तिथे काही त्रास नाही.

आणि 'मिचि ओ आरुकु', रस्त्याने चालणे. इथे 'ने' दिसला की हात 'दे'कडे जातो, पण जपानीत जिच्यावरून आपण जातो ती जागा 'ओ' घेते. बागेत फिरणे, पूल ओलांडणे, सगळीकडे 'ओ'. आणि खोलीतून बाहेर पडणे, 'हेया ओ देरु', इथेपण 'ओ', म्हणजे आपला 'तून'. याला मराठी जोडी नाहीये. वाक्यंच पाठ करायची.

९ फेब्रुवारी

'ते' रूप, म्हणजे आपल्या 'लिहून', 'खाऊन'सारखं पुढे जोडायचं रूप. सगळे म्हणतात इथे गाडी अडते आणि खरंच अडते. 'काकु'चं 'काइते', 'नोमु'चं 'नोंदे', 'मात्सु'चं 'मात्ते', 'तोरु'चं 'तोत्ते', 'हानासु'चं 'हानाशिते', आणि 'इकु' एकटंच 'इत्ते'. कोष्टक गाण्याच्या चालीवर पाठ करतात, मी पण केलं, पण मला कारण कळल्याशिवाय बसत नाही.

कारण असं की पूर्वी हे सगळं सरळच होतं. आदराचं 'मासु' लावायच्या आधीचं जे रूप, 'काकि', 'नोमि', 'माचि', 'तोरि', त्याला 'ते' लावायचं, 'काकिते', 'नोमिते', 'माचिते', 'तोरिते'. हेआन काळापासून, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीपासून, बोलता बोलता हे झिजत गेलं, याला ओनबिन म्हणतात. 'काकिते'मधला क गळला, 'नोमिते'मधला म अनुनासिक होऊन पुढचा त द झाला, 'माचिते'मधे जोडाक्षर आलं. 'हानाशिते' झिजलंच नाही. तोंडाने भराभर म्हणून बघितलं, नोमिते नोमिते नोमते नोंदे, जीभ आपोआप तिकडेच जाते! आता कोष्टक विसरलं तरी परत तयार करता येईल. इचिदान क्रियापदांना, म्हणजे शेवटचं 'रु' काढून थेट प्रत्यय लागतो त्यांना, काहीच करायचं नाही, 'ताबेरु'चं 'ताबेते', 'मिरु'चं 'मिते'.

यात खरा धोका म्हणजे दिसायला सारखी असणारी क्रियापदं. 'किरु' कापणे याचं 'कित्ते', 'किरु' घालणे याचं 'किते'. 'काएरु' परतणे याचं 'काएत्ते', 'काएरु' बदलणे याचं 'काएते'. त्यांचं वेगळं पान केलं.

२३ फेब्रुवारी

आजचं पान सहा पानांचं झालं आणि अजून संपलं नाहीये. 'ते'च्या पुढे दुसरं क्रियापद जोडतात ना, ते.

'ताबेते मिरु', खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजे बघणेच. चाखायच्या अर्थाने बघणे तिकडेपण आहे आणि आपल्याकडेपण, घालून बघ, विचारून बघ, 'किते मिते', 'किइते मिते'. इंग्रजी स्पष्टीकरणात हे ट्राय करणे आणि मग दुसऱ्या एका ट्राय करण्यापेक्षा वेगळं कसं यावर अर्धं पान खर्च होतं.

'कात्ते ओकु', घेऊन ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. पाहुणे येणार म्हणून दूध आणून ठेवते, आधीच सांगून ठेवते, 'इत्ते ओकु'. पुढे लागेल म्हणून आधी करणे, हा अर्थ समजावून सांगायची गरजच पडली नाही मला, माझ्या तोंडात लहानपणापासून आहे.

'मोत्ते कुरु' घेऊन ये, 'मोत्ते इकु' घेऊन जा. आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो 'इत्तेकिमासु', तो शब्द फोडला तर जाऊन येतो! आई देवळात जाताना दारातून ओरडते 'जाऊन येते गं', तेच, अगदी तेच. आपल्याकडे नुसतं जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं असतं, त्यामुळे मला हे शिकवायला कोणी नको होतं.

'ते शिमाउ' वर थांबले. 'ताबेते शिमात्ता' खाऊन टाकलं. 'वासुरेते शिमात्ता' विसरून गेले. 'इत्ते शिमात्ता' बोलून बसले. म्हणजे मराठीत तीन आहेत, टाकणे, जाणे, बसणे, आणि त्यातून कळतं की मुद्दाम केलं, आपोआप झालं, की करून पस्तावले. जपानीत तिन्हीला एकच 'शिमाउ' आणि बाकीचं प्रसंगावरून. आपली भाषा इथे जास्त बारीक आहे. मराठीतून जपानीत जाताना सोपं, उलट येताना विचार करावा लागेल.

लाल पेन: 'ते' म्हणजे नेहमी 'ऊन' नाही. 'फुएते इकु' म्हणजे वाढत जाणे, इथे आपण 'त' वापरतो, वाढून जाणे नाही. हळूहळू होणारा बदल असेल तर 'त', हातात घेऊन जायचं असेल तर 'ऊन', जपानीत दोन्हीला 'ते'.

८ मार्च

'ते इरु'. इतके दिवस याच पानाची वाट बघत होते.

सगळीकडे पहिलं वाक्य असतं की हे इंग्रजीतलं आयएनजी, चालू वर्तमानकाळ. 'ताबेते इरु' खातेय, बरोबर. मग येतं 'केक्कोन शिते इरु', आणि शिकणारा म्हणतो की हा माणूस आत्ता लग्न करतोय का, मंडपात आहे का. मग दुसरा नियम. मग 'शित्ते इरु', 'सुंदे इरु', 'ओचिते इरु', अपवादांचा ढीग. मी पण हा ढीग पाठ केला होता एन५ ला.

मराठीत मांडलं. 'सुवात्ते इरु', बसलाय. 'किते इरु', आलाय. 'ओचिते इरु', पडलंय. 'शिंदे इरु', मेलाय. 'केक्कोन शिते इरु', लग्न झालंय. एकही अपवाद नाही राहिला! बसलाय म्हणजे बसण्याची क्रिया झाली आणि आता तो त्या स्थितीत आहे, हे 'ला' आणि 'य' मधे आहेच. आपण बसतोय आणि बसलाय असा फरक करतो, जपानी दोन्हीला 'ते इरु' लावतो आणि क्रियापदावरून कळतं. जी क्रिया क्षणात होऊन जाते, पडणे, येणे, मरणे, उघडणे, तिथे 'लाय'. जी चालू राहू शकते, खाणे, वाचणे, पळणे, तिथे 'तोय'. तेवढा एक विचार करायचा.

नकारात तर अजून छान. जेवलीस का विचारलं तर 'मादा ताबेते इनाइ', अजून जेवले नाहीये. 'ताबेनाकात्ता' म्हणजे नाही जेवले, म्हणजे तो विषय संपला, काल उपास होता वगैरे. हा नाहीये आणि नाही मधला फरक मला कधी कोणी शिकवला नव्हता, मी तो रोज पाळते. इंग्रजीत मला इथे काळ बदलावा लागतो आणि ते मला शाळेत जन्मात जमलं नाही.

'आकेते आरु' पण याच पानात: 'मादो गा आकेते आरु', खिडकी उघडून ठेवलीय, कोणीतरी मुद्दाम. 'मादो गा आइते इरु', खिडकी उघडी आहे, कोणी उघडली माहीत नाही.

१६ मार्च

त्यावरूनच जोड्या. पडणे पाडणे, फुटणे फोडणे, थांबणे थांबवणे, जळणे जाळणे. तिकडे 'ओचिरु ओतोसु', 'वारेरु वारु', 'तोमारु तोमेरु', 'याकेरु याकु'. कप फुटला आणि कप फोडला यात कोणाला ओरडा बसणार हे मराठी मुलाला दोन वर्षांचं असताना कळतं. रूपं पाठ करावी लागणार पण कल्पना समजावून घ्यायची नाही. लिस्ट अंकीत टाकली. पुढे.

३० मार्च, पाडवा

'वा' आणि 'गा'. सुट्टी आहे, सकाळी गुढी झाली, श्रीखंड खाऊन बसलेय. हे पान एका बैठकीत होणार नाही हे माहीत आहे.

मराठीत 'वा' नाही. म्हणजे एक प्रत्यय असा नाही की जो लावला की कळावं की आता आपण याच्याबद्दल बोलतोय. आपण ते काम वाक्यातल्या जागेने करतो, आवाजाने करतो, आणि 'तर', 'मात्र', 'च', 'पण' असले शब्द पेरून करतो. म्हणून एका जोडीने भागत नाही, तुकडे गोळा करावे लागतात. आत्तापर्यंत जमा झालेले:

'वाताशि गा यारिमाशिता', मी केलं, म्हणजे मीच केलं. कोणी केलं असं विचारल्यावरचं उत्तर. इथे 'गा' म्हणजे 'च'. 'वाताशि वा यारिमाशिता', मी तर केलं बाबा, बाकीच्यांचं माहीत नाही. इथे 'वा' म्हणजे 'तर'. 'निकु वा ताबेनाइ', मटण मात्र खात नाही. आणि प्रश्नाच्या शब्दाला 'वा' कधीच नाही, 'दारे गा', 'नानि गा', कारण कोण हेच माहीत नसताना त्याच्याबद्दल बोलायचं कसं.

'बोकु वा उनागि दा' हे वाक्य सगळे जण कोडं म्हणून देतात, की शब्दशः 'मी ईल मासा आहे'. मिसळीच्या हॉटेलात चौघं बसले की वेटरला काय सांगतात? मी मिसळ, हा वडापाव, ही नुसता चहा. कोणाला काही चुकीचं वाटत नाही.

१३ एप्रिल

'वा' 'गा' पुढे चालू. एक चांगली जोडी सापडली. मोमोतारोची गोष्ट, पीचमधून निघालेल्या मुलाची, तिथली प्रत्येक आजी सांगते ती. सुरुवात अशी: 'मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि, ओजिइसान तो ओबाआसान गा इमाशिता.' फार पूर्वी एका ठिकाणी एक म्हातारा आणि एक म्हातारी होती. लगेच पुढचं: 'ओजिइसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबाआसान वा कावा ए सेंताकु नि इकिमाशिता.' म्हातारा डोंगरात लाकडं आणायला आणि म्हातारी नदीवर कपडे धुवायला गेली.

पहिल्यांदा 'गा', दुसऱ्यांदा 'वा'. आता आपली कहाणी घ्या. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा 'एक राजा', दुसऱ्यांदा नुसता 'राजा', तिथे परत 'एक राजाला' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, हा दुसरा कोण? ते 'एक' आहे ना, ते इथे 'गा'चं काम करतंय, नवीन माणूस गोष्टीत आणायचं, आणि ते काढून टाकलं की 'वा'. म्हणजे ओळख करून देताना 'गा', ओळख झाली की 'वा'. ही जोडी सगळीकडे चालणार नाही पण वाचताना मला आता दिसतं की लेखक कोणाला नव्याने आणतोय आणि कोण आधीचा. एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्या वाचल्या तेव्हा पहिल्या ओळीत 'गा' आणि मग खाली 'वा' 'वा' 'वा', दोन-तीन बातम्यांत तरी अगदी स्पष्ट दिसलं.

२७ एप्रिल

देणे. मराठीत मी देते, तू देतोस, तो देतो, एकच क्रियापद. जपानीत माझ्याकडून बाहेर गेलं तर 'आगेरु', बाहेरून माझ्याकडे आलं तर 'कुरेरु', आणि मिळालं तर 'मोराउ'. माझ्याकडे म्हणजे नुसती मी नाही, माझी माणसंसुद्धा. सरांनी माझ्या भावाला पुस्तक दिलं, 'कुरेता', कारण भाऊ माझ्या बाजूचा. बाहेरच्या दोन माणसांत दिलंघेतलं तर 'आगेता'. म्हणजे प्रत्येक वेळी देणे म्हणायच्या आधी ठरवायचं की रेघ कुठे आहे आणि वस्तू कोणत्या दिशेने ती रेघ ओलांडतेय.

वस्तूंपुरतं ठीक आहे, पण हे 'ते'ला जोडून येतं. आठवड्यातून एकदा ओसाकाच्या एक बाई कॉलवर बोलतात माझ्याशी, त्या हिंदी शिकतायत, अर्धा तास हिंदी अर्धा तास जपानी. त्यांनी सांगितलं की रस्ता सांगितला याला नुसतं 'ओशिएता' म्हटलं तर वाक्य बरोबर आहे पण ऐकायला कोरडं लागतं, 'ओशिएते कुरेता' म्हटलं की त्यात आलं की त्याने माझ्यासाठी सांगितला, मला बरं वाटलं. आभार व्याकरणातच बसवलेत. आपण सांगून दिलं म्हणत नाही. आणून दिलं, लिहून दिलं, करून दिलं म्हणतो, पण ते हवं तेव्हा, इथे जवळजवळ सक्तीचं. आणि विनंतीचं 'कुदासाइ' ते पण देण्याचंच आदराचं रूप, 'काइते कुदासाइ' म्हणजे मुळात लिहून द्या.

'मोराउ' मराठीच्या जवळ आहे, 'करून घेणे'. डॉक्टरांकडून लिहून घेतलं, 'काइते मोरात्ता'. फक्त 'कडून' ला परत 'नि' येतो, म्हणजे ज्याला दिलं त्यालाही 'नि' आणि ज्याच्याकडून घेतलं त्यालाही 'नि', क्रियापद ऐकेपर्यंत कळत नाही कोण देणारा. ऐकण्याच्या पेपरात इथे गुण जातात असं वाटतंय, रोज दहा वाक्यं ऐकायची ठरवलीयत.

११ मे

विशेषण होणारी वाक्यं. 'किनोओ कात्ता होन' काल घेतलेलं पुस्तक. 'आशिता कुरु हितो' उद्या येणारा माणूस. लेला आणि णारा, झालं. जो माणूस उद्या येणार आहे तो, असं आपण लिहितो, बोलताना नाही बोलत. 'साकाना ओ याकु निओइ', मासे भाजल्याचा वास, इथे 'लेला' नाही 'ल्याचा', कारण वास काही भाजलेला नाही. जपानीत दोन्ही एकसारखं. एन४ मधे चार तुकडे जुळवून चांदणीच्या जागी कोणता येतो विचारतात ना, ते मी आता तुकडे मराठीत वाचते आणि मराठी क्रमानेच लावते. बहुतेक वेळा लागतात.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, सगळीकडे ओलं, आणि आजचं पान नेमकं जर-तरचं.

'आमे गा फुत्तारा इकानाइ.' पाऊस पडला तर जाणार नाही. दोघांनीही पुढच्या गोष्टीसाठी भूतकाळाचं रूप घेतलंय, पडला आणि 'फुत्ता', आणि तिकडे 'तारा' इकडे 'तर'. नात्याचा काही संबंध नाही या दोन भाषांचा, तरी मला हे परत परत म्हणून बघावंसं वाटतं. आणि 'तारा'चा दुसरा अर्थ, जो शोध लागल्यासारखा येतो: 'इए नि काएत्तारा, ओक्याकुसान गा किते इता.' घरी आले तर पाहुणे आलेले! हा पण आपला 'तर'च. 'तेमो' म्हणजे 'तरी', 'आमे गा फुत्तेमो इकु', पडला तरी जाणार.

'तो' म्हणजे 'की'. बटण दाबलं की गरम पाणी येतं, 'बोतान ओ ओसु तो ओयु गा देरु'. 'नारा' म्हणजे 'असशील तर', क्योतोला जाणार असशील तर शिंकानसेनने जा. 'बा' बहुतेक 'असेल तर', स्वस्त असेल तर घेईन, 'यासुकेरेबा काउ'.

लाल पेन आणि हे महत्त्वाचं: आपण म्हणतो पोचलीस की फोन कर. जपानीत 'तो'च्या पुढे आज्ञा, विनंती, माझा बेत असं काही येत नाही, फक्त जे होतंच ते येतं. तिथे 'तारा', 'त्सुइतारा देन्वा शिते'. म्हणजे 'की' दिसला की शेवटपर्यंत वाक्य बघायचं आणि मग ठरवायचं.

८ जून

कर्मणी. आपला 'केलं जातं' छापाचा कर्मणी शाळेच्या पुस्तकात आणि सरकारी पत्रात राहतो. जपानीत तो घरात आहे, आणि त्याला दुखणं चिकटलेलं आहे. 'आमे नि फुरारेता', पावसाने मला गाठलं. पडणे या क्रियापदाचा कर्मणी मराठीत होतच नाही. 'ओतोओतो नि केएकि ओ ताबेरारेता', भावाने माझा केक खाल्ला, आणि हे सोसणारी मी. केक वाक्याचा धनी नाही, मी धनी. आपण हे 'माझा केक खाऊन टाकला' मधल्या टाकण्याने दाखवतो, किंवा पाकीट 'चोरीला गेलं' असं म्हणतो, पण माणसाला मध्यभागी बसवून त्याच्यावर आलं असं सांगायची सोय नाही. या पानाची उजवी बाजू जवळजवळ रिकामी ठेवलीय, कारण उगाच काहीतरी मराठी वाक्य लिहिलं तर तेच डोक्यात बसेल.

'सासेरु' उलटं. खायला लावणे आणि खेळू देणे आपल्याकडे दोन टोकं, एकात सक्ती एकात परवानगी. तिकडे 'ताबेसासेरु', 'आसोबासेरु', रूप एकच. मुलाला हवं होतं का नव्हतं त्यावरून ठरवायचं. आणि दोन्ही एकत्र आले की 'मातासारेता', ताटकळत ठेवलं मला.

२२ जून

आदराचं. मला वाटलेलं हे मराठी माणसाला सोपं जाणार, तू, तुम्ही, आपण आहेच, आणि क्रियापद बदलणं तेवढं नवीन, 'इकु'चं 'इराश्शारु' त्यांच्यासाठी आणि 'माइरु' माझ्यासाठी. पण खरी अडचण वेगळीच आहे. आपण बाबा आले म्हणतो, समोर कोणीही असो. बाहेरच्यासमोर बाबा आला कोण म्हणेल? जपानीत बाहेरच्याशी बोलताना स्वतःचे वडील, स्वतःचा साहेब, सगळे खाली उतरवायचे. घरात 'ओतोओसान', बाहेरच्यासमोर 'चिचि'. ऑफिसच्या फोनवर दुसऱ्या कंपनीला सांगताना आपल्या साहेबांच्या नावापुढचं आदराचं 'सान'सुद्धा काढायचं. देणे-घेण्याच्या पानावर जी रेघ आली होती तीच इथे परत आली. म्हणजे तिकडे आदर माणसाला चिकटलेला नाही, आत्ता कोण आत आणि कोण बाहेर यावर आहे. हे वाक्य बोलायला मला जिवावर येतं, वडिलांसाठी 'माइरिमासु' म्हणायला जीभ अडते, ती सवयीनेच जाईल.

२ जुलै

नवीन काही नाही, फक्त ऐकणं. बोलताना सगळं आखडतं, 'ताबेते इरु'चं 'ताबेतेरु', 'कात्ते ओकु'चं 'कात्तोकु', 'ताबेते शिमात्ता'चं 'ताबेचात्ता', 'इकानाकेरेबा'चं 'इकानाक्या'. आपणही बसला आहेचं बसलाय आणि करतो आहेचं करतोय केलंच. ओसाकाच्या बाईंना हे सांगितलं, त्यांनी पाच मिनिटं मराठीची रूपं म्हणून बघितली, मग म्हणाल्या हिंदी झालं की मराठी घेते.

परीक्षा आषाढीच्या दिवशीच आलीय यंदा. आईचा उपास, मी उपासाचा डबा घेऊन जाणार.

१२ जुलै

परीक्षा झाली. निकालाला वेळ आहे, वही बंद करायची नाहीये.

आज 'वा' 'गा'चं पान परत उघडलं कारण मीकामी आकिरा यांच्याबद्दल वाचलं. हे गणिताचे शिक्षक होते, १९०३ ते १९७१, आणि त्यांचं म्हणणं की जपानी वाक्याला पाश्चात्त्य व्याकरणातला कर्ता लावायचाच कशाला, त्याने गोंधळच होतो. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण 'झोओ वा हाना गा नागाइ', हत्तीचं नाक लांब. इथे 'वा'च्या पोटात 'नो' म्हणजे आपला 'चं' लपलाय. 'कोनो होन वा चिचि गा कात्ते कुरेता', हे पुस्तक बाबांनी घेऊन दिलंय, इथे 'वा'च्या पोटात 'ओ' लपलाय. म्हणजे 'वा' हा काही त्या रांगेतला प्रत्यय नाही, तो रांगेच्या वरून येऊन बसतो आणि खालचा झाकतो.

मग मी बसून 'वा' कोणाला झाकतो आणि कोणाला नाही ते काढलं. 'गा' आणि 'ओ' पूर्ण जातात, 'गा वा' किंवा 'ओ वा' असं कधीच ऐकलं नाही. 'नि' आणि 'दे' राहू शकतात, 'नि वा', 'दे वा'. मराठीत 'हे पुस्तक' याला मुळातच दिसणारा प्रत्यय नाही, आणि 'मला तर', 'पुण्यात तर' मधे 'ला' आणि 'त' जागचे हलत नाहीत. म्हणजे आपल्याकडे जिथे प्रत्यय दिसत नाही साधारण तिथेच त्यांचा झाकला जातो. हे सगळीकडे टिकतं का बघायचंय: 'कारा' (पासून), 'तो' (सोबत), 'ए' (कडे), 'मादे' (पर्यंत), एकेक घेऊन, बातम्यांमधली वाक्यं काढून. माणसांना लागणारा 'ला', मुलाला बोलावलं, तिथे मात्र जपानीत 'ओ' आहे आणि तो झाकला जातो, आपला 'ला' राहतो. तिथे लाल पेन लागणार. पान क्रमांक घातलाय, मथळा 'वा कोणाला झाकतो'.